बोलावणं

रुचा चार वर्षं युनिव्हर्सिटीच्या संघातून लॅक्रॉस खेळली आणि तिच्या आईने, शीलाने, एकही मॅच पाहिली नाही. पहिल्याच वर्षी लेक दंडावर वळ घेऊन कॅनडातल्या ओकव्हिलच्या घरी आली, तेव्हा शीला पाहुण्यांसमोर फटकन बोलून गेली होती, "जाळीच्या काठ्या घेऊन धावायचं, हा काय मुलींचा खेळ?" त्यानंतर रुचाने आईला मॅचला बोलावणं सोडून दिलं. शीला पडली मानी. राग पुढे केव्हाच निवळला, कॉम्प्युटरवर चोरून तिने खेळाचे नियमसुद्धा वाचले. पण बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणजे नाही.

यंदा रुचाचं शेवटचं वर्ष, आणि संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला पोचलेला. मैदान घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. शनिवारी तिचा फोन आला.

"वी वन द सेमी! फायनल उद्या, दुपारी."

शीला जिवाचा कान करून ऐकत होती. आता विचारेल, मग विचारेल. रुचा जराशी थांबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, येते?"

शीला खट्टू झाली, आणि तिला भरूनही आलं. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे तिनेच लेकीकडून लहानपणापासून घोकून घेतलं होतं. शेवटचा सूर वर गेला होता खरा, पण इथल्या पोरांचं मराठी असंच हेलकावे खात चालतं.

"हो, ये," ती म्हणाली. "नीट जेव. जपून खेळ."

रविवारी तिचा नवरा रविकांत गाडीची किल्ली घेऊन दोनदा दारात उभा राहिला. "अगं, चल ना."

"बोलावलंय का तिने?" शीला म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

संध्याकाळी रुचा आली. गळ्यात रौप्यपदक, गुडघे मातीने माखलेले. एका गोलने हरल्या होत्या.

"आय केप्ट लुकिंग फॉर यू," बूट न काढताच ती म्हणाली. "यू सेड यू वर कमिंग."

"मी? कधी?"

"ऑन द फोन! आय आस्क्ड यू, येते? अँड यू सेड हो."

'येतेस'मधला 'स' तेवढा राहून गेला होता. शीलाच्या आता लक्षात आलं. "अगं, मला वाटलं, तू फोन ठेवतेयस..." तिने कसंबसं सगळं समजावून सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच संताप आला. मानापमान गुंडाळून ठेवून 'मी येऊ का गं?' एवढं आपणच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

रुचा थोडीशी हसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं शीलाला वाटलं.

"आय प्रॅक्टिस्ड इट इन द वॉशरूम," पदक काढून टेबलावर ठेवत रुचा म्हणाली. "आय थॉट, मराठीत विचारलं तर यू वोन्ट से नो."

"मी इंग्लिशमध्येही नाही म्हटलं नसतं गं," शीला म्हणाली. पण रुचा जिना चढून गेली होती, आणि वर शॉवर सुरू झाला होता.