खर्ज कापलेली गिटार

खाण बंद पडली आणि बोत्सवानातल्या आमच्या फिक्वे गावातली हेवी मेटल वाजवणारी मंडळी पांगली. चामड्याची जाकिटं, रुंद टोप्या, आवाज वाढवणारा मोठा अ‍ॅम्प, सगळं घेऊन ओतेंग आणि पाको राजधानीला, गाबोरोनला गेले. ओतेंगचा बेस, पाकोचे ड्रम, माझी गिटार, असा आमचा तिघांचा बँड. शाळेतली कारकुनी सुटत नाही म्हणून मी मागे राहिले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मला कुणी चल म्हटलंच नाही.

आता माझा अ‍ॅम्प लॅपटॉपमध्ये आहे. सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर पेडल, स्पीकर, बटणं, सगळं हजर. फक्त माणसं नाहीत.

मार्चमध्ये ओतेंगचा निरोप आला. नवं गाणं करतोय, रविवारपर्यंत गिटार पाठव, नाही जमलं तर इथे थेरो नावाचा एकजण आहे. ते ‘नाही जमलं तर’ मी तीनदा वाचलं.

शनिवारी सकाळी बसले. तारा खालच्या सुरात उतरवल्या, आवाज फाडणारा गेन चढवला, खर्ज चढवला. एक फटकारा मारला की हेडफोनमध्ये बैल उधळल्यासारखं व्हायचं. खुशीत पाठवून दिलं.

तासाभरात ओतेंगचा फोन.

“गोराता, हे काय गं? माझा बेस कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर?”

“दणदणीत आहे की!”

“एकटं ऐकलं तर. आमच्याबरोबर लावलं की नुसता चिखल. सगळी जागा तूच अडवून बसलीयस.”

“जागा रिकामीच होती, रा,” आमच्याकडच्या या ‘साहेब’वर जोर देत मी म्हटलं. “तीन वर्षं.”

तो म्हणाला, “खर्ज काप. गेन निम्म्यावर आण. तुला ऐकायला घाण वाटलं, की समज जमलं.”

कापला. एकेक बटण खाली येत गेलं तसा आवाज किरटा होत गेला, शेवटी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. डाव्या कानासाठी एकदा वाजवलं, उजव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे दोन्ही मिळून आवाज रुंद होतो. दोन्हीकडे मीच. रडू आलं, खोटं कशाला सांगू? तरी पाठवलं.

बुधवारी पूर्ण गाणं आलं. मी कापलेल्या जागेत ओतेंगचा बेस येऊन बसला होता आणि माझी किरटी गिटार डोंगराएवढी झाली होती. अकरा वेळा ऐकलं. मग हरखून विचारलं, “तालमीला कधी येऊ?”

“गाण्यात तूच राहशील गं,” ओतेंग म्हणाला. “पण स्टेजवर थेरो वाजवेल. तू इतक्या लांब... त्याला तुझाच टोन हवाय. तेवढी सेटिंगची फाइल पाठव ना.”

दोन दिवस त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, भिंतीसमोर. मग पाठवली. गाणं माझं होतं, ते वाईट वाजायला नको होतं.

रविवारी दुपारी थेरोचा फोन आला. पोरगा नम्र होता, मोठ्या बाईंना म्हणतात तसं ‘म्मा’ म्हणत होता, रागावायचीही सोय नव्हती.

“म्मा, फाइल लावली. पण आवाज फार पातळ येतोय. काही पाठवायचं राहिलं का?”

“काही राहिलं नाही. तो टोन एकट्याने ऐकायचा नसतो. ओतेंग-पाकोला बरोबर घे आणि मग वाजव. आहेत ना ते तिथे?”

“हो म्मा,” तो म्हणाला, “हे काय, शेजारीच बसलेत.”