राजगवयाचा अंतरा

पियूष आयर्लंडमधल्या किलकेनीहून स्वरूपाकडे आला तो वसुलीला आल्यासारखा. त्याचे पणजोबा एका संस्थानचे राजगवई. त्यांच्या बंदिशींचा डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात कार्यक्रम होता आणि सगळ्यांत गाजलेली बंदिश त्याच्या घरात कुणालाच येत नव्हती. स्वरूपाला येते असं त्याने ऐकलं होतं, कारण तिचे आजोबा त्या गवयांचे पाय चेपून शिकले होते.

"शेवटी चीज आमचीच आहे," म्हणत त्याने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

तिने स्थायी म्हटली आणि थांबली.

"आणि अंतरा?"

"परक्याला अंतरा द्यायचा नाही, हा तुमच्याच घराण्याचा नियम."

"मी परका?"

"माझे आजोबा परके होते. त्यांना अंतरा कधी शिकवलाच नाही. घेऊन जा तुमची चीज, आहे तेवढी. उरलेली पणजोबांबरोबर सरणावर गेली."