विहिरीचं बूड

आमच्या पाड्यावरच्या त्या खड्ड्याला विहीर म्हणणं म्हणजे त्याला उगाच मोठेपणा देणं होतं. पेठच्या डोंगरात काळ्या कातळावर पुरुषभर खोलीचा खड्डा, ना कठडा ना धड पायऱ्या. पण वैशाखातसुद्धा रात्रभर कडेच्या मुरमातून पाणी पाझरायचं आणि तळाच्या कातळावर साचायचं. सकाळी बायका ते वाटीनं भरायच्या. घरटी एक हंडा, बाकीचं पाणी दरीतल्या नदीवरून. खड्डा लंकाबाईच्या शेतात, त्यामुळे तिथे तिचाच शब्द चालायचा.

त्याच दरीच्या उतारावर लंकाबाईची सून छाया हंड्यासकट घसरली आणि तिच्या पोटातलं मूल गेलं. दिंडोरीकडे माहेरी गेली ती परतलीच नाही. भांडणतंटा काही नव्हता. दरीत उतरावं लागणार नाही त्या दिवशी येते, एवढंच सांगून गेली होती. लंकाबाईचा सगळा जीव त्या पोरीत. उठता-बसता तिला एकच ध्यास, छाया घरी यावी.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात पाणी शोधणारा सरकारी साहेब आला. यंत्राच्या तारा पसरत डोंगरभर हिंडला आणि बोअरला कुठेच जागा नाही म्हणाला. विहिरीला तर हातही लावू नका, हा कातळ म्हणजे तुमच्या माठाचं बूड आहे, त्याच्या खाली सगळा भेगाळलेला, कोरडा थर आहे, असंही बजावून गेला. मी तिथला शाळामास्तर. साहेबाचं म्हणणं मी पारावर तीनदा समजावलं. पण मास्तरचं वर्गातली पोरं ऐकत नाहीत, तिथे पारावरचे काय ऐकणार? सरकारी माणूस नाही म्हणायलाच येतो, असं ठरवून सगळे उठले.

लंकाबाईचा मुलगा रवी सातपूरला कारखान्यात होता. त्याच्या जोडीदारांच्या गावी विहिरीच्या तळाला बोअर मारून पाणी वाढलं होतं. तो कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर घेऊन आला. लंकाबाईनं क्षणभरही विचार केला नाही.

दुपारपर्यंत नुसती काळी भुकटी उडत होती. मग एकाएकी पाण्याचा फवारा विहिरीच्या वर उसळला. बायका चिंब झाल्या, शेजारच्या लहानूनं नारळ फोडला, कुणी गुलाल आणला. पाणी लागलं, असं ट्रॅक्टरवाल्यानंही सांगून टाकलं. मीही भिजलो, खोटं कशाला सांगू? रवी मिळेल त्या जीपनं छायाला आणायला निघाला.

सकाळी वाट्या घेऊन बायका उतरल्या तर तळ कोरडा. मुरमातून पाणी येत होतं, पण कातळावरून ओघळून सरळ बोअरच्या भोकात जात होतं. आदल्या दिवशी हवेच्या जोरानं वर उडालं ते भोकात उतरलेलं विहिरीचंच पाणी होतं. लंकाबाई खाली उतरली. तिनं भोकात चिखल कोंबला, चिंध्या कोंबल्या, शेवटी स्वतःचं जुनं लुगडं फाडून कोंबलं. जे घालावं ते खाली जायचं. मीच तिला हात देऊन वर काढलं.

दुपारी रवी छायाला घेऊन आला. विहिरीची बातमी त्यांना वाटेतच कळली होती. घरात तांब्याभर पाणी उरलं होतं. लंकाबाईनं सुनेवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि ते सगळं पाणी तिच्या पायांवर घातलं. छाया आत गेली. तिनं उतरंडीकडे पाहिलं, रिकामा हंडा उचलला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दरीच्या वाटेला निघाली.

लंकाबाई दारात आडवी आली.

"ठेव तो हंडा," ती म्हणाली. "माघारी जा, छाया. मी जित्ती हाय तवर या घरात येऊ नको."

"आत्या, मी आता नाय पडायची."

"मला ठावं हाय. तरी जा."

रवी काही बोलायला गेला, तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छाया बराच वेळ उंबऱ्यावर बसून रडली. संध्याकाळच्या एस्टीनं दोघं गेली. लंकाबाई त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत आली नाही. घरात पाणी नव्हतं, म्हणून ती हंडा घेऊन दरीत उतरली होती.