जाईबाईचा बोळा

"बाबा, ही अक्षरं आहेत की चाकणच्या सहाआसनी रिक्षात कोंबलेली माणसं?" भाग्यश्रीनं लॅपटॉप भीमराजांपुढे सरकवला. "सगळी अंग चोरून उभी!"

"पेटीची फळी चार बोटं रुंद, अन् कंपनीचं नाव हे एवढं लांब. सरकून घ्या म्हटलं सगळ्यांना."

भीमराजांनी चाकणला तीस वर्षं लाकडी पेट्यांवर नावं छापली. अक्षर हातानं काढायचं, पत्र्यात कापायचं, पत्रा फळीवर धरून वरून रंग ठोकायचा. थेरगावच्या घरात माळ्यावर जुन्या पेटीच्या काही फळ्या उरल्या होत्या. डिझाइनचं काम करणारी त्यांची लेक त्यावरून फॉन्ट बनवत होती. मग ती अक्षरं कुणालाही कॉम्प्युटरवर वापरता आली असती. आज संध्याकाळी हा फॉन्ट ऑफिसला पाठवायचा होता. त्याआधी बाबांनी एकदा बघावं, एवढंच.

भीमराजांनी चष्मा पुसला. क बघितला, म बघितला. कडा स्वच्छ, काळा रंग काठोकाठ.

"छान आहे."

"असं तोंड करून छान म्हणतात?"

"पायाशी फिकी असायची गं ती."

"ते डाग होय? तीन रविवार बसून साफ केलेत मी!"

भीमराज म्हणाले, "कापायचो मी. रंग तुझी आई मारायची."

"आई? चाकणच्या शेडवर?"

"ओव्हरटाइमला मी एकटा पुरत नव्हतो. तू लहान होतीस, पेटीतच झोपायचीस. जाई जुन्या साडीचा बोळा करायची, रंगात बुडवून वरून खाली ठोकत यायची. खाली येईस्तोवर बोळा कोरडा. मी ओरडायचो, अगं, परत बुडव की! तर म्हणायची, एवढं गुणाचं अक्षर आहे ना तुमचं, मग अर्ध्या रंगात वाचतील लोक."

भाग्यश्री हसली. भीमराजही हसले, मग त्यांनी पडद्यावरच्या म-च्या पायाशी बोट टेकवलं.

"यात सगळा मीच दिसतोय, भागू. ती कुठंच नाही."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. भाग्यश्रीनं फोन उचलला. "सर, आज नाही जमणार. पंधरा दिवस लागतील... हो, चुकलंय. माझंच चुकलंय."

फोन ठेवून तिनं जुने फोटो पुन्हा उघडले. "बाकीची होतील. पण ळ कुठल्याच फळीवर नाही, बाबा. तो मी माझ्या मनानं काढला होता."

"पत्रा असेल माझ्याकडे."

पत्रा निघाला. कपाटातून जाईबाईची विटकी साडीही निघाली. भीमराजांनी तिचं टोक फाडून बोळा केला, रंगात बुडवला आणि ळ-वर वरून खाली ठोकत आले. पायाशी पोचता पोचता बोळा कोरडा झाला. त्यांचा हात सवयीनं रंगाच्या डब्याकडे वळला, आणि तिथंच थांबला.

उरलेलं अक्षर त्यांनी कोरड्या बोळ्यानंच पुरं केलं.