बिनखिळ्याचा काळा उंट

मी एक जुना काळा उंट आहे. घाबरू नका मित्रांनो, चावत नाही, बुद्धिबळातला आहे! ताईला दिसत नाही, म्हणून तिच्या सुतार बाबांनी आम्हाला घडवलं. पटाच्या प्रत्येक घराला भोक, आमच्या बुडाला खुंटी. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक खिळा, पांढऱ्यांचं डोकं गुळगुळीत. बोटं फिरवली की कोण कुणाचं ते ताईला कळतं. सगळे म्हणायचे, "काय सुबक हात आहे हो!" मग मी आणखी ताठ उभा राहायचो.

गेल्या आठवड्यात ताई म्हणाली, "बाबा, या उंटाचा खिळा हलतोय."

"बघतो गं, आधी हे कपाट जाऊ दे गिऱ्हाइकाकडे."

कपाट गेलं. मी राहिलो.

निवड स्पर्धेचा शेवटचा डाव होता. नुसती बरोबरी झाली तरी ताई संघात जाणार होती. समोर टेलिफोन खात्यातले काका. त्यांनाही दिसत नाही, त्यांचा पट वेगळा; चाल बोलून सांगायची, दोघांनी आपापल्या पटावर करायची. पांढऱ्या सोंगट्या ताईच्या, आम्ही काळे काकांचे. ते चाल बोलले, "उंट, एफ पाच." ताईने आपल्या पटावर मला उचलून तिथे खोचलं आणि माझा खिळा निसटून टेबलाखाली गेला. टिक् एवढाच आवाज. त्या वेळी नेमकं कुणीतरी खोकलं.

पुढे पंधरा चाली झाल्या. ताईच्या घड्याळात दोन मिनिटं उरली. तिने भराभर बोटं फिरवली. माझं डोकं गुळगुळीत! तिला वाटलं, मी तिचाच, वजिराची पाठ राखायला उभा आहे. अगं, मी शत्रू आहे, असं ओरडावंसं वाटलं. लाकडाला तोंड कुठलं?

"वजीर, जी चार," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे काकांनी चाल पुन्हा उच्चारली. मग म्हणाले, "उंटाने वजीर खाल्ला."

"कुठला उंट?"

"माझा, पोरी. एफ पाचवरचा."

ताईने पुन्हा माझ्या डोक्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

डाव गेला. बाबा पंचांना म्हणाले, "चूक माझी आहे हो, तिची नाही."

"कळतंय मला. पण आपला पट तपासणं खेळाडूचंच काम."

बाहेर पायरीवर बाबांनी मला नवा खिळा ठोकला. त्यांचे डोळे वाहत होते, आवाज मात्र रोजचाच. "झालं बघ, घट्ट बसला." ताईने हात पुढे केला, तो माझ्याकडे नाही, त्यांच्या गालाकडे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आम्ही फक्त हलतो, कुरकुरतो, ढिल्या होतो. तेवढंच आमचं ओरडणं. ते ऐकू आलं, की हातातलं काम खाली ठेवा.