वीस फरश्यांवरून बघा मला

मी एक जुना तक्ता आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला आलेलो नाही. माझा कागद पिवळट झाला आहे, एक कोपरा उचकटला आहे, चौकटीच्या खालच्या पट्टीला वाळवीने दोनदा तोंड लावून पाहिलं आहे. हे सगळं कबूल. पण म्हातारा झाल्यावर माझ्यावर एक आरोप झाला आणि तो साफ खोटा होता. तो खोटा आहे हे सिद्ध करणारा माणूस त्यापायी स्वतःच्या तोंडचा घास घालवून बसला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मी भिंतीवरून उतरणार नाही.

तुम्ही मला पाहिलं असेलच. डोळे तपासायला गेल्यावर समोर टांगलेला असतो तो मी. माझ्या काही भावंडांवर अक्षरं असतात. माझ्यावर एकच चिन्ह आहे, तीन दात्यांच्या कंगव्यासारखं. कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. पहिल्या ओळीत एकच मोठा कंगवा, मग लहान होत होत सातव्या ओळीत मुंगीएवढे. दाते कुठे वळले आहेत ते बघणाऱ्याने हाताने दाखवायचं. वाचता येणारा आणि न येणारा, दोघांनाही माझ्यासमोर सारखाच घाम फुटतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथल्या फोरमनच्या खिशात कायम भिंग असायचं. सातव्या ओळीतला एक दाता शाईने किंचित फुगला, म्हणून त्याने माझ्याआधीचे सतरा तक्ते टराटरा फाडले.

"हे काय कॅलेंडर आहे का?" तो मशीनवाल्यावर ओरडला. "कुणाला काय दिसतं, ते याच्यावरून ठरणार आहे. केसाएवढीही चूक चालणार नाही."

अठरावा मी. तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे.

मला एका कॉलेजातल्या दृष्टी-संशोधन विभागात लावलं गेलं. लांबट खोली होती, जमिनीला फूटभर लांबीच्या फरश्या. विभाग सुरू करणाऱ्या मोठ्या बाईंनी माझ्या भिंतीपासून बरोबर वीस फरश्या मोजल्या, तिथे पांढऱ्या रंगाने रेघ ओढली आणि रेघेवर खुर्ची ठेवली. मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "खुर्ची या रेघेच्या पुढे आली," त्या म्हणाल्या, "की तक्ता थापा मारायला लागेल. दोष त्याचा नसेल, तुमचा असेल." मी त्या वेळी कोरा करकरीत होतो. हे वाक्य पुढे माझ्याच बाजूने साक्ष देणार आहे, हे मला कुठून माहीत असणार?

किती माणसं पाहिली म्हणून सांगू! कोणी डोळे बारीक करायचं, कोणी मान लांब करून अर्ध्या खोलीत यायचं. एक सासरेबुवा खोकल्याचं निमित्त करून सुनेकडून उत्तरं काढून घ्यायचे. एक आजी म्हणाल्या, "कंगवे दिसतात रे बाबा, पण त्यांची तोंडं कुठे आहेत ते तूच सांग." काही जण तर मला पाठ करून यायचे. मग मला उलटं टांगलं, की त्यांची फजिती बघण्यासारखी असायची. मी कोणाचीच गय केली नाही. सलग तीस वर्षं मी प्रत्येकाला तेवढंच दाखवलं, जेवढं त्याला दिसत होतं.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या. नवे विभागप्रमुख सर आले आणि त्यांच्या हाताखाली एक ताई संशोधन करू लागली. तिचा प्रश्न साधा होता. डोळ्यांचे व्यायाम केले तर बसचालकांची नजर सुधारते का? अंगठा जवळ-लांब नेत त्याच्याकडे बघायचं, बुबुळं गोल फिरवायची, असे आठ आठवड्यांचे व्यायाम तिने ठरवले. आधी तपासणी, मग व्यायाम, मग पुन्हा तपासणी. डेपोतून चाळीस चालक आले.

त्यांच्यातच काका होता. ताई त्याला काका म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. बावीस वर्षं बस चालवलेला, हात फावड्यासारखे, बोलणं मोजून मापून. लांब पल्ल्याची गाडी ही त्याची शान होती. पण डेपोचा नियम असा, की लांब पल्ल्याच्या चालकाला चष्म्याशिवाय माझी सहावी ओळ दिसलीच पाहिजे. काकाला पाचवीपर्यंतच दिसली. त्याचं नाव लांब पल्ल्याच्या यादीतून निघालं आणि तो गावातल्या गावात फेऱ्या मारू लागला. चष्म्याचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. त्यांच्या डेपोत चष्मा लावला म्हणजे माणूस निवृत्तीच्या दारात उभा राहिला, असंच धरायचे. आता या व्यायामांवरच त्याची सगळी भिस्त होती.

ताई आठ आठवडे डेपोत जाऊन व्यायाम घेत होती. तेवढ्यात इकडे विभागात नवं मोठं यंत्र आलं. ते ठेवायला जागा हवी म्हणून सरांनी माझी खोली आडवी कापायला सांगितली. प्लायवूडची भिंत उभी करणारा सुतार चांगला माणूस होता. त्याने विचारलंसुद्धा, "ही पांढरी रेघ भिंतीपलीकडे जातेय. चालेल ना?"

कारकून फायलीतून मान वर न करता म्हणाला, "रंग सांडला असेल कधीतरी. तुम्ही तुमचं काम करा."

रेघ यंत्राच्या खोक्यांखाली गेली. शिपायाने खुर्ची नव्या भिंतीला टेकवून ठेवली. मी आतल्या आत ओरडत होतो. पंधरा! पंधराच फरश्या आहेत! पण तक्त्याला तोंड नसतं. असतं तर जगात कितीतरी भांडणं झाली असती.

ताई परत आली तेव्हा चालकांची रांगच लागली होती. तिने भिंत पाहिली, "बरं झालं, पसारा आत गेला," असं म्हणाली आणि तपासायला बसली. मित्रांनो, ताई मला आवडते. पण इथे ती चुकली, आणि मी ते झाकणार नाही. डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलीने डोळ्यांसमोरची भिंत पाहिली आणि फरश्या मोजल्या नाहीत.

काका आत आला, खुर्चीत बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "खोली बारीक झाली, का मी जाड झालो?" सगळे हसले. मग त्याचा हात फिरू लागला. डावीकडे, वर, वर, उजवीकडे. पाचवी ओळ संपली. सहावीही संपली! ताईने टाळी वाजवली. काकाचा चेहरा असा उजळला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोलत नव्हतो, पण माझ्याकडून खोटं वदवलं जात होतं.

चाळीस चालक, आणि सातवी आधीच वाचणारे सोडले तर सगळ्यांची नजर बरोबर एकेका ओळीने वाढली. खरे डोळे असे सारख्या पावलांनी कधी चालत नाहीत. सरांना मात्र आनंद झाला. अहवाल तयार झाला, परिषदेत वाचायचं ठरलं. डेपोने बारा चालकांची नावं लांब पल्ल्याच्या यादीत चढवली. त्यात काकाचं होतं.

दहाव्या दिवशी काका पुन्हा आला. या वेळी त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"ताई, माझं काहीतरी चुकतंय," तो दारातूनच म्हणाला.

"काय झालं काका?"

"पुलाच्या वळणावर गावांच्या नावांचा मोठा फलक आहे. त्याच्या अलीकडे रस्त्याला दिव्याचे खांब. फलकापासून मोजत आलं, तर तिसऱ्या खांबाशी गाडी आली की मला अक्षरं लागायची. व्यायामाच्या आधी तिसरा खांब. आता तुमची सहावी ओळ दिसते म्हणता, तरी तिसराच. मी रोज बघतोय. एक दिवससुद्धा चौथा झाला नाही."

"थकवा असेल. ऊन डोळ्यांवर येत असेल."

"दहाही दिवस?" काका खुर्चीत बसला नाही. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. "ताई, वीतभर जागा कमी असली तरी मागे घेताना मला गाडीत बसून कळतं. ही खोली पहिल्यापेक्षा लहान आहे. त्या दिवशी तुम्ही सगळे हसलात."

ताईचा चेहरा पडला. ती खाली वाकून फरश्या मोजू लागली. पंधरा. तिने पुन्हा मोजल्या. मग उठून तिने पलीकडच्या खोलीचं दार उघडलं, काकाने खोकी सरकवली आणि त्यांच्या खाली ती दिसली. मोठ्या बाईंची पांढरी रेघ, धुळीने माखलेली, पण जागच्या जागी.

"तुम्ही गप्प बसला असतात तर?" ताई म्हणाली. "यादीत नाव होतं तुमचं."

"माझ्यामागे पन्नास माणसं डोळे मिटून झोपलेली असतात," काका म्हणाला. "त्यांच्या वाटचंही मलाच बघायचं असतं."

आता तो आरोप. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा तक्ताच जुना झालाय. शाई उडालीय. पहिल्या तपासणीत कमी दिसलं ते याच्यामुळे असेल. नवा स्क्रीन मागवू. अहवाल जाऊ दे."

ऐकलंत? तीस वर्षं इमानाने उभा राहिलो आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर! माझी शाई उडाली आहे म्हणे. फोरमन असता तर त्याने भिंग काढून सरांच्या हातात दिलं असतं.

पण त्या दिवशी ताई बोलली. "सर, तक्ता होता तिथेच आहे. खुर्ची पुढे आली, आणि ती मी येऊ दिली. हा अहवाल मी वाचणार नाही."

सर उठले. ते माझ्यापासून निघाले आणि एकेका फरशीवर बूट ठेवत स्वतः मोजत गेले. पंधराव्या फरशीवर त्यांचा बूट प्लायवूडला लागला. तिथेच उभं राहून ते म्हणाले, "भिंत काढा. सगळ्यांना परत बोलवा."

भिंत निघाली. खुर्ची रेघेवर गेली. चाळीसही चालक पुन्हा तपासले. दोघांचं किंचित बरं, एकाचं किंचित वाईट, बाकी सगळे होते तिथेच. व्यायामाने काही झालं नव्हतं. ताईचं वर्ष वाया गेलं असं विभागात कुजबुजत होते. मी म्हणतो, तिचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

काका शेवटी बसला. पाचवी ओळ नीट दाखवली. सहावीच्या पहिल्या कंगव्याशी त्याचा हात हवेत उचलला गेला आणि तिथेच राहिला. डावीकडे? वर? तो दाखवेना. त्याला अंदाजाने ठोकून देता आलं असतं, कित्येक जण देतात. त्याने हात खाली घेतला आणि म्हणाला, "नाही दिसत." मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. या माणसाला मी काहीही दिलं असतं. तरी मी एक दाताही वळवला नाही. वळवला असता तर उद्या त्या पन्नास जणांना कोणत्या तोंडाने सामोरा गेलो असतो?

लांब पल्ल्याचा कागद त्याने स्वतः डेपोत परत केला. बाकीच्या अकरा जणांनी काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांचीही नावं यादीतून गेली होती.

मग ताईने त्याच्या डोळ्यांवर तपासणीची ती लोखंडी चौकट चढवली आणि एकेक काच बदलत गेली. काका कुरकुरत होता. अचानक कुरकुर थांबली. त्याचा हात सहाव्या ओळीवर झरझर फिरला, सातवीवर फिरला, आणि संपल्यावर तो म्हणाला, "एवढे दाते होते होय याला?"

तिथून ताईला नवा प्रश्न मिळाला, आणि तो काकाच्या खांबांनी दिला. कोणत्या चालकाला कुठला खांब चष्म्याशिवाय आणि कुठला चष्म्याने, ते तिने गाडीत त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतलं. अकरा महिने लागले. डेपोतल्या साहेबांनी तीनदा हात झटकले, चौथ्यांदा ताईची ती नोंद वाचली. शेवटी नियम बदलला. चष्मा लावून सहावी ओळ दिसली तरी चालेल, असं ठरलं. काका चष्मा लावून डेपोत शिरला तेव्हा सगळे त्याला "या मास्तर!" म्हणून चिडवू लागले. पुढच्या महिन्यात त्यांतलेच सात जण ताईच्या खुर्चीत येऊन बसले.

चष्मा लावून लांब पल्ल्याची पहिली फेरी करून काका थेट विभागात आला. आत येऊन त्याने फक्त हाताचा पंजा वर केला, पाचही बोटं ताठ.

"पाचवा खांब," तो म्हणाला. ताई रडली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

स्क्रीन आला तो आलाच. माझा त्याच्यावर राग नाही. तो चकचकीत आहे, बटण दाबलं की कंगवे बदलतो, कोणाला पाठ करता येत नाही. पण पंधरा फरश्यांवर बसवलात तर तोही थापा मारेल, आणि माझ्यापेक्षा जास्त झोकात मारेल, एवढं मात्र लक्षात ठेवा. मला अडगळीत टाकायचं ठरलं तेव्हा काका म्हणाला, "आम्हाला द्या." त्याने मला बसमध्ये पुढच्या सीटवर उभं करून नेलं.

आता मी डेपोत, चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत आहे. इथे फरश्या नाहीत, साधी सिमेंटची जमीन आहे. काकाने फीत धरून वीस फूट मोजले आणि बसच्या पांढऱ्या रंगाने रेघ ओढली. गाडीवर जाण्याआधी चालक इथे उभे राहतात, एक डोळा झाकतात आणि हात फिरवतात.

मला जपा असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. माझा कागद आज ना उद्या जाणारच. ती रेघ जपा. आणि नाही दिसलं तर 'नाही दिसत' म्हणायला लाजू नका. ते म्हणणाऱ्या माणसाइतका मोठा माणूस मी भिंतीवरून दुसरा पाहिलेला नाही.

आज सकाळीच एक नवा चालक आला होता. सहाव्या ओळीशी अडला आणि हळूच त्याने बूट रेघेच्या पुढे सरकवला. बाकावर काका चहा पीत बसला होता. त्याने मानही वळवली नाही.

"मागे हो," काका म्हणाला.

तो मागे झाला.