निळ्या वायरचे दुसरे टोक

मित्रांनो, मी कोण हे आधी सांगतो, कारण मला पाहून तुम्ही ओळखणार नाही. पनवेलमधल्या एका छोट्या रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, सलाइनच्या रिकाम्या खोक्यात पडलेला मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. पत्र्याची चपटी काळी पेटी, पुढच्या बाजूला चोवीस भोके आणि प्रत्येक भोकावर एक हिरवा दिवा, असे माझे रूप. आता त्यातला एकही दिवा लागत नाही. त्याचे मला फार दुःख नाही. पण माझ्या आयुष्यातली एक दुपार कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला आणि समुद्रातून मी न्हावा शेवा बंदरात उतरलो. पुठ्ठ्याच्या खोक्यात मी, तशी शंभर खोकी एका लाकडी पेटीत, त्या पेट्या कंटेनरमध्ये आणि कंटेनर ट्रेलरवर. ट्रेलरच्या ड्रायव्हरला आत काय आहे ते माहीत नव्हते. त्याला फक्त पुढचे फाटक माहीत होते. नेटवर्कही अगदी असेच चालते. ते थरांचे बनलेले असते. सगळ्यांत खाली वायर आणि तिच्यातून धावणारी वीज. तिच्यावर माझा थर. इमारतीतले कोणते यंत्र कोणत्या वायरीवर आहे एवढे मी ओळखतो आणि चिठ्ठी त्याच्याकडे सोडतो. माझ्यावरचा थर गावोगावचे पत्ते वाचतो आणि पनवेलची चिठ्ठी पुण्याला कोणत्या वाटेने न्यायची ते ठरवतो. त्याच्याही वर मोजदाद ठेवणारा थर असतो. किती तुकडे पाठवले, किती पोचले, हे तो बघतो आणि पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. अगदी वर असते ते तुम्हाला दिसणारे चित्र किंवा अक्षर. प्रत्येकाने आपले काम करायचे, दुसऱ्याचे पाकीट फोडायचे नाही. या ठरलेल्या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

नोंदणीच्या काउंटरमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर मला बसवले. नऊ वर्षे मी तिथे रात्रंदिवस काम केले. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या याद्या, तळघरातल्या सीटी स्कॅन यंत्राची चित्रे, सगळे माझ्यातून गेले. त्यात काय लिहिले होते ते मला कधी कळले नाही; पण ते पोचल्यावर समोरच्या माणसांचे चेहरे बदलायचे ते मला दिसत असे. रुग्णालयाचे संगणक सांभाळणारे सत्यजीत साहेब कोणालाही अभिमानाने सांगायचे, "हा स्विच म्हणजे बैल आहे बैल. नऊ वर्षांत एकदा कुरकुर नाही."

कौतुक होत राहिले, पण माझ्याकडे कोणी वाकून बघेनासे झाले. माझ्यावर धूळ साचली. वायरींचा गुंता वाढला. सगळ्या निळ्या, एकीवरही चिठ्ठी नाही. काउंटरवरचा एक जुना संगणक काढून नेला, पण त्याची वायर तशीच राहिली. तिचे एक टोक माझ्या सातव्या भोकात होते आणि दुसरे फरशीवर लोळत होते.

रुग्णालयात फरशी पुसायला शकूमावशी यायच्या. वर्षभरापूर्वी त्यांच्या पोछ्यात अडकून एक वायर निसटली होती. तेव्हा सत्यजीत साहेब सगळ्यांसमोर ओरडले होते, "मावशी, या वायरी ओल्या झाल्या किंवा तुटल्या तर पुन्हा कामावर दिसू नका." मावशी तेव्हापासून माझ्याजवळ आल्या की श्वास रोखून पुसायच्या.

मार्च महिन्यातला तो मंगळवार. दुपारचा सव्वा वाजला होता. पुसता पुसता मावशींना ते लोळणारे टोक दिसले. त्याखाली पाणी गेले होते. त्या घाबरल्या. त्यांनी टोक उचलले, पदराने कोरडे केले आणि खाली पडू नये म्हणून समोर दिसलेल्या माझ्या रिकाम्या पंधराव्या भोकात नीट बसवले. टक्क असा आवाज झाला. मावशी समाधानाने पुढे गेल्या.

मित्रांनो, एकाच वायरीची दोन्ही टोके आता माझ्यात होती.

क्षणभराने काउंटरवरच्या संगणकाने नेहमीचा प्रश्न विचारला, "अमुक पत्त्याचे यंत्र कोण आहे?" असा प्रश्न सगळ्यांसाठी असतो. तो आला की बाकीच्या सर्व वायरींवर पोचवायचा, हा माझा नियम. मी पोचवला. सातव्या भोकातून तो बाहेर पडला, निळ्या वायरीतून फिरला आणि पंधराव्यातून माझ्याकडेच परत आला. मला तो नवा वाटला. मी पुन्हा सगळ्यांना पोचवला. तो पुन्हा आला. एकाचे दहा, दहाचे हजार, हजाराचे लाख झाले. माझ्यावरच्या थरातल्या चिठ्ठीवर आयुष्याचा आकडा असतो. प्रत्येक नाक्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की भरकटलेली चिठ्ठी संपते. माझ्या थरातल्या चिठ्ठीवर तसा आकडाच नसतो. तिला मरण नाही. नव्या स्विचना असा वळसा ओळखता येतो. मला येत नव्हता. मी नुसता ओरडत राहिलो, "कोण आहे? कोण आहे? कोण आहे?"

त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. गव्हाण गावचे जगन पाटील बायकोला दोन्ही हातांवर घेऊन आत धावत आले. बायकोचे नाव गोदू. पन्नाशीची, अंगाने धडधाकट बाई. तिचे तोंड डावीकडे ओढले गेले होते आणि उजवा हात लोंबत होता.

"म्याडम, भांडी घासत होती," जगन रुग्णालयाच्या डॉक्टर अनुयांना सांगू लागले. "हातातून तांब्या पडला नि काय बोलते तेच कळत नाय. पावणेबारा झालेले. रस्त्याला सगळे ट्रेलर उभे, आमी दीड तास त्यातच."

डॉक्टर अनुयांनी घड्याळ पाहिले. "मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असावी. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आपल्याकडे. पण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे सव्वाचारपर्यंत. आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मात्र मेंदूत रक्तस्राव नाही ना, ते आधी बघायला हवं. असेल तर त्या इंजेक्शननं जीव जाईल."

तळघरात स्कॅन झाला. तंत्रज्ञ नीताताईंनी चित्रे पुण्याच्या तज्ज्ञाकडे, डॉक्टर वरद यांच्याकडे, पाठवायचे बटण दाबले. तुकडे माझ्या दाराशी आले. मित्रांनो, मला ते दिसत होते! पण माझ्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. एक तुकडा आत आला की शंभर फुटत होते. पोच मिळेना म्हणून स्कॅनचे यंत्र तेच तुकडे पुन्हा पाठवी, मग थोडे थांबून पुन्हा. आणि मी त्या बिचाऱ्याला काही सांगू शकत नव्हतो.

सत्यजीत साहेब धावत आले. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. "दिवे तर सगळे लागलेत. वायरींचं ठीक आहे." दिवे लागले होते खरे, पण ते वेड्यासारखे एकदम लुकलुकत होते. इकडे बघा, मी मनातल्या मनात ओरडलो, खालीच बघा! पण ते वरच्या थरात शोधू लागले. पत्ते तपासले. पुण्याच्या यंत्राला हाक मारून पाहिली, उत्तर नाही. इंटरनेटवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आमची लाइन चालू आहे." त्या वादात वीस मिनिटे गेली.

नीताताईंनी सीडीवर चित्रे घ्यायचा प्रयत्न केला, तर तो ड्राइव्ह चार महिने बंद. मग त्यांनी पडद्याचे फोटो मोबाइलवर काढून पाठवले. फोनवर डॉक्टर वरद यांचा आवाज आला, "एका जागी पांढुरकं दिसतंय. रक्त आहे की पडद्याची चमक आहे, सांगता येत नाही. मूळ चित्रं बघितल्याशिवाय मी इंजेक्शन द्या म्हणणार नाही."

मोठ्या रुग्णालयात हलवावे म्हणून डॉक्टर अनुयांनी रुग्णवाहिका मागवली. महामार्ग तुंबला होता. यायलाच तास लागणार होता.

सत्यजीत साहेबांनी मला बंद करून पुन्हा सुरू केले. आहा, ते काही क्षण! आत शांतता होती. मी स्कॅनचे तुकडे भराभर पुढे सोडले. तीन चित्रे गेली. तीनशे बारा होती. तेवढ्यात कोणीतरी पुन्हा विचारले, "कोण आहे?" आणि सगळे पुन्हा पेटले.

"तीन गेली आणि थांबलं," नीताताई म्हणाल्या.

तेव्हा साहेबांचा तोल सुटला. त्यांनी काउंटरवर हात आपटला. "कोणी हात लावला का इथं? आज कोणी काय हलवलं? ज्यानं लावला असेल त्याला आजच्या आज घरी पाठवीन!"

समोरच्या भिंतीशी शकूमावशी बादली धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. काय झाले ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होते. एकाला तोंड नव्हते आणि दुसरीचे बंद झाले होते. मी एवढा हताश कधीच झालो नव्हतो. मावशी, बोला! मावशी, मी पाया पडतो, बोला! पण माझ्यातून फक्त तोच एक प्रश्न बाहेर पडत होता.

घड्याळात पावणेतीन झाले.

काउंटरच्या समोरच पडद्याआड गोदूबाईंना ठेवले होते. पडदा अर्धा उघडा होता. जगन तिचा उजवा हात चोळत होते. जणू चोळल्याने तो जागा होणार होता. त्यांनी मावशींना पाहिले. "ताई, जरा पाणी मिळंल का? हिचे ओठ सुकलेत."

मावशी पाणी आणि कापूस घेऊन गेल्या. गोदूबाईंचे ओठ त्यांनी ओले केले. गोदूबाईंनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. नुसती घरघर आली. मग त्यांनी डाव्या हाताने मावशींचा पदर धरला आणि सोडेनात.

"घरात दिवसभर हिचीच बडबड," जगन म्हणाले. "मी कंटाळायचो. म्हणायचो, जरा गप बस ना. आता बोलत नाय तर..." ते पुन्हा तिचा हात चोळू लागले.

मावशींनी तो हात हळूच सोडवला. बादली ओलांडून त्या सरळ सत्यजीत साहेबांसमोर गेल्या.

"सायेब, मी लावली वायर. खाली लोळत होती. भिजली असती म्हणून मी त्या डब्यात खोचली. मला घालवा, पण त्या बाईला वाचवा."

मला वाटले ते ओरडतील. पण ते गुडघ्यांवर माझ्यासमोर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कुठली, मावशी? दाखवा."

सगळ्या वायरी सारख्या, सगळ्या निळ्या. मावशींचा हात एकेकीवरून फिरला. "हिच्या टोकाची ती प्लास्टिकची पट्टी अर्धी मोडलेली होती. माझ्या पदराला अडकलेली... ही. हीच!"

साहेबांनी वायर ओढली.

मित्रांनो, शेवटचा प्रश्न एकदा सगळीकडे गेला आणि परत आला नाही. दिवे शांतपणे, एकेक करून लुकलुकू लागले. तळघरातून तुकडे आले, मी सोडले. पुण्याहून पोच आली, मी दिली. पोचले. पोचले. पोचले. तीनशे बारा चित्रे गेली. काही मिनिटांत फोन वाजला. "रक्तस्राव नाही. फोटोतली चमकच होती ती. इंजेक्शन द्या, लगेच!"

तीन वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन सुरू झाले.

गोदूबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी उजवा पाय हलला. चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली आणि जगन पडद्याआड ओक्साबोक्शी रडले. पण उजव्या हाताची बोटे काही उघडली नाहीत. डॉक्टर अनुयांनी जगनना स्पष्ट सांगितले, "सव्वा तास आधी मिळालं असतं, तर कदाचित हातही परत आला असता."

व्यवस्थापकांनी चौकशी लावली आणि दोषी माणसाचे नाव मागितले. सत्यजीत साहेबांनी माझ्यासमोर बसूनच लिहिले, "मोकळं टोक मी सोडलं. वायरींवर नावं मी लावली नाहीत. वळसा ओळखणारा स्विच मी कधी मागितला नाही. आणि वर्षभरापूर्वी आणि आजही मी सगळ्यांसमोर ओरडलो नसतो, तर मला कारण तासभर आधी कळलं असतं." मावशींचे नाव त्यात नव्हते.

मावशी मात्र जगनच्या पायाशी वाकल्या. जगननी त्यांना दंडाला धरून उठवले. "तुमी बोललात म्हणून ती हाय," एवढेच ते म्हणाले. त्यांचे डोळे मात्र बायकोच्या मिटलेल्या मुठीकडे होते.

महिन्याभरात माझ्या जागी नवा स्विच आला. त्याच्या प्रत्येक वायरीवर आता चिठ्ठी आहे. मला काढताना सत्यजीत साहेबांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि मला या खोक्यात ठेवले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझ्या नियमांत "माझ्याकडून चूक होते आहे" असे सांगायची सोय कोणी केलीच नव्हती. तुमच्याकडे ती आहे. ती वापरा. तुमच्या हातून काही बिघडले, तर त्याच क्षणी सांगा. आणि दुसऱ्याच्या हातून बिघडले, तर "कोणी केलं?" असे ओरडू नका, "काय झालं?" असे हळू विचारा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही उत्तर देता येईल. त्या दुपारी उत्तर खोलीतच होते, चार पावलांवर. ते तोंडातून बाहेर यायला जो वेळ लागला, त्यात गव्हाणच्या गोदूबाईंचा उजवा हात गेला.